चिंधी बांधलेली काडी

"कुणी कापली? हितली काडी कुणी कापली? मला त्याचा हात दाखवा आदी."

मामा ओरडत होता. नवव्या ओळीच्या शेवटच्या झाडापाशी, डोक्याचं फडकं मुठीत धरून, एप्रिलच्या उन्हात. माझा मामा फौजेतून हवालदार होऊन परत आलेला माणूस. परेडला त्याचा आवाज असला की लाउडस्पीकर बंद ठेवायचे, असं तो तीस वर्षं सांगत आलाय आणि आम्ही तीस वर्षं हसत आलोय. त्या सकाळी मला ते पटलं. द्राक्षबागेतल्या साळुंख्या उडाल्या त्या थेट कर्नाटकाच्या हद्दीत जाऊन बसल्या आणि दोन दिवस माघारी आल्या नाहीत. बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्याची म्हैस संध्याकाळी दूध देईना. तिला हवालदाराचा धक्का बसलाय, असं शेजारी पुढे वर्षभर सांगत होता.

छाटणीची टोळी ओळीत उभी होती. बारा माणसं, बाराही कात्र्या हवेत उघड्याच. टोळीची मुकादम एक पन्नाशीची बाई, जत भागातली. पंधरा वर्षं ती मामाच्या बागेत येत होती. छाटणीला तीच, विरळणीला, म्हणजे नको ते घड आणि मणी खुडायला, तीच. तिने उत्तर द्यायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मामाने ते नुसत्या आवाजाने मिटवलं. तिसऱ्यांदा तिने उघडलंच नाही. कमरेची पिशवी सारखी केली आणि उन्हात डोळे बारीक करून उभी राहिली.

मी साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने आलो होतो. हातात भिंग, खिशात सुतळी, पिशवीत रोपांच्या पिशव्यांचं बंडल. बावीस वर्षं मी साताऱ्यात एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. उत्परिवर्तनाचा धडा बावीस वेळा शिकवला, फळ्यावर तीच आकृती बावीस वेळा काढली. खरंखुरं उत्परिवर्तन, जिवंत, पानाफुलाचं, मला आयुष्यात एकदाच भेटायला येत होतं. आणि मी बागेत पोचायच्या अर्धा तास आधी ते कुणीतरी करवतीने बुडातून कापून बाजूला टाकलं होतं.

ही काडी काय होती ते सांगतो.

फेब्रुवारीत बागेचा माल निघत होता. मामाचा फोन आला. म्हणाला, मास्तर, बागंत काय झालंय ते फोनवर सांगत न्हाई, शेजारी कान लावून बसलाय, तू ये. मी म्हटलं, मामा, गावाच्या ग्रुपवर तुम्ही सकाळीच फोटो टाकलाय. म्हणाला, त्यो फोटो लांबनं काढलाय, त्यात काय कळत न्हाई.

गेलो. घरात देवासमोरच्या ताटात, ओल्या फडक्याखाली, दोन घड. मामाची बाग साध्या थॉमसनची, मणी आपले नेहमीचे, गोलसर लांबट. ह्या घडाचे मणी मात्र करंगळीसारखे लांब. मी शास्त्राचा माणूस आहे, वाढवून सांगायची मला सवय नाही. एका मण्याला दोन घास लागत होते. घड इतका जड होता की ज्या तारेवर तो लोंबत होता ती तार वाकली, तारेबरोबर लोखंडी अँगल वाकला, आणि अँगल सरळ करायला ट्रॅक्टर आणावा लागला. ट्रॅक्टरचं मला मामाने सांगितलं, बाकीचं मी पाहिलं.

मजा अशी की त्याच झाडाच्या बाकीच्या सगळ्या काड्यांना साधे घड होते. एकाच काडीला हे दोन. मामाने मला झाड दाखवायला नेलं तेही सरळ नेलं नाही. आधी बागेला बाहेरून एक फेरी, मग पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागून, मग वाकून. फळ सगळ्या तालुक्याला दाखवायचं, झाड कुणालाच दाखवायचं नाही, असा त्याचा बंदोबस्त होता. चोर फळ नेत नाही, काडी नेतो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

मी तिथेच, मोटारीच्या खोलीच्या सावलीत, पहिल्यांदाच फळ्याशिवाय धडा शिकवला. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतो, म्हणून मंडळाच्या वहीपासून सुरुवात केली. ती वही मूळ कुणाची, कुणाला ठाऊक नाही. एकाची दुसऱ्याने उतरवली, दुसऱ्याची तिसऱ्याने. उतरवताना कुणाचा चष्मा जागेवर नसतो, कुणाचं लक्ष चहाकडे. एक अक्षर चुकतं. बहुतेक वेळा कुणाच्या ध्यानातही येत नाही, मृदंगाखाली झाकून जातं. कधी अख्ख्या ओळीचा अर्थ मरतो आणि गाणारे एकमेकांकडे बघतात. आणि फार क्वचित चूक अशी पडते की मूळ ओळीपेक्षा गोड लागते, मग मंडळ तीच ओळ धरून बसतं. झाडाचंही तसंच. एका पेशीच्या दोन होतात तेव्हा पहिली आपली पूर्ण वही दुसरीला उतरवून देते. कधी उन्हातल्या तीव्र किरणांनी, कधी एखाद्या रसायनाने, आणि पुष्कळदा काही कारण नसतानाच एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. त्या पेशीपासून पुढे काडीवर कोंब फुटायचा एखादा डोळा तयार झाला तर त्या डोळ्यातून फुटलेली काडी चुकलेली वही घेऊन वाढते. बाकी झाड जुनंच भजन म्हणत राहतं.

मामाने मान डोलावत सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, जो बावीस वर्षांत मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

"चूक झाली तर नाव कुणाचं लागतं? करणाराचं का बघणाराचं?"

मी म्हटलं, करणाराला नाव नसतं, तेव्हा बघणाराचंच.

"मग ठीक हाय," मामा म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवला.

हे नाव म्हणजे मामाच्या जिवाचं दुखणं होतं. आमच्या सांगली भागात द्राक्षाच्या किती बागा अशाच एखाद्या चुकलेल्या काडीवर उभ्या आहेत. कुणा शेतकऱ्याला आपल्या बागेत एक काडी वेगळी दिसली, त्याने ती जपली, कलम करून वाढवली, आणि तो वाण गावोगाव गेला. ते शेतकरी गेले तरी नाव बागेबागेत राहिलं. मामाने तीस वर्षं वाट पाहिली. त्याचं म्हणणं, देव दुसऱ्याच्या बागेत वाण घेऊन येतो आणि माझ्या बागेत डावणी घेऊन येतो. डावणी म्हणजे पानावरचा तो पांढरा बुरशीचा रोग, जो आपल्या नावाने ओळखला जावा म्हणून आजवर कुणीही धडपडलेलं नाही.

आता मात्र देव आला होता. मामाने त्याच आठवड्यात तासगावात पेंटर गाठला आणि चार फूट लांब पत्र्याची पाटी रंगवून घेतली. वर द्राक्षाचा घड, घडाखाली वाणाचं नाव. वाणाचं नाव म्हणजे मामाचं नाव, मागे फक्त 'सीडलेस' जोडलेलं. रोप अजून एकही नव्हतं. पाटी तयार होती.

शेजाऱ्याने ती पाटी पाहिली आणि दोन दिवसांनी गावात वेगळीच गोष्ट फिरू लागली. आमच्याकडे मणी लांब व्हावेत म्हणून कोवळे घड संजीवकाच्या पाण्यात बुडवतात. त्याला सगळे जीए म्हणतात. बाया त्या पाण्याने भरलेले मग हातात घेऊन ओळीने जातात आणि एकेक घड बुडवतात. शेजाऱ्याचं म्हणणं, ओळीच्या टोकाला बायांची गप्पांची जागा, तिथं त्या घडांना दोनदा, नाहीतर तीनदा बुडवलंय. त्यात कसलं वाण आणि कसलं काय.

त्याचं म्हणणं शास्त्राने अशक्य नव्हतं, आणि हे मी मामाला सांगायला नको होतं. पण शास्त्राची खोड. मी म्हटलं, तो म्हणतो ते होऊ शकतं. खरं काय ते एकाच तऱ्हेने कळेल. औषधाने लांबलेला मणी पुढच्या वर्षी परत आखूड येतो. वहीतच चूक असेल तर त्या काडीपासून केलेल्या प्रत्येक रोपाला लांबच येईल, बुडवा नाहीतर बुडवू नका. ती काडी एप्रिलच्या छाटणीला आपण हाताने काढायची, तुकडे करून लावायची. तोवर तिला काही होता कामा नये. अख्खा खटला त्या एका काडीवर आहे.

मामाने शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जाऊन, आवाज न वाढवता, म्हणजे तीन शेतांपलीकडे ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितलं की दोन वर्षांनी त्याच लांब मण्यांची करंडी शेजाऱ्याच्या दारात उतरेल आणि शेजाऱ्याने ती डोक्यावर घेऊन चावडीपर्यंत चालायचं. शेजारी म्हणाला, आणि आखूड आली तर? मामा म्हणाला, तर पाटी उलटी करून तुझ्या गोठ्याला ठोकीन.

माघारी येताना मामा मधेच थांबला.

"मास्तर, म्हंजे हे तुझ्या बोटागत झालं म्हण की."

माझ्या उजव्या हाताला, करंगळीच्या बाहेरच्या अंगाला एक पांढरट गाठ आहे. तिथे नऊ वर्षांपर्यंत माझं सहावं बोट होतं. छोटंसं, नखासकट. आईच्या बापालाही तसंच होतं म्हणतात. घराण्याच्या वहीत कधीतरी पडलेली चूक ती, पण आमच्या गल्लीत तेव्हा ते कुणाला पटेना. गल्लीचा निकाल असा होता की मी पोटात असताना आईने ग्रहणात भेंडी चिरली. मी पुढे मोठा झाल्यावर एका म्हातारीला विचारलं, चिरण्याने बोट कमी व्हायला पाहिजे, वाढलं कसं? ती म्हणाली, भेंडी जास्त चिरली आसंल. हा युक्तिवाद मी अजून कुठल्या परीक्षेत तोडू शकलेलो नाही.

मला त्या बोटाचं काही वाईट वाटत नव्हतं. शाळेत माझी पत होती. हातावर मोजायचं गणित मी अकरापर्यंत करायचो. विटीदांडूत माझी पकड कुणाला सुटायची नाही. पण मामा सुटीवर आला, माझा हात हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, फौजेत सगळ्यांचे हातमोजे एकसारखे असतात. दुसऱ्या आठवड्यात त्याने मला मिरजेला नेलं. तिथे दवाखाने इतके की रिक्षावाला नाव न विचारता कुठला अवयव एवढंच विचारतो. बोट निघालं. स्टेशनसमोर मामाने मला दोन प्लेट जिलबी खाऊ घातली आणि सांगितलं, आता तू सगळ्यांसारखा झालास.

पुढे भरतीला गेलो तर तळपाय सपाट निघाले. हातमोजे बसले, बूट बसले नाहीत. म्हणून मी मास्तर.

आणि गंमत सांगतो, बोट कापल्याने वही बदलत नाही. माझ्या मुलीला दोन्ही हातांना सहा-सहा आहेत. ती मोबाइलवर अशी काही टाइप करते की तिच्या मैत्रिणींना ती दोघीजणी वाटते. दर दिवाळीला मामा तिचा हात हातात घेतो, उलटसुलट करतो आणि मला बाजूला घेऊन विचारतो, मिरजंला न्यायची का? दर दिवाळीला मी म्हणतो, नाही. तो म्हणतो, पोरीची जात हाय, लोक बघत्यात. मी म्हणतो, बघू देत. एवढंच बोलून आम्ही करंजी घेतो.

तर काडी जपायची होती. दोन महिने. मामाने पहिल्यांदा कुत्रं बांधलं. कुत्र्याने लोकांना नेमकं झाड दाखवायला सुरुवात केली, म्हणून सोडलं. मग स्वतः खाट टाकून बसला. त्यामुळे लोकांना निदान ओळ कळली. शेवटी एक नामी कल्पना निघाली. बागेत रोगट किंवा वाळलेली काडी असली की तिला चिंधी बांधायची रीत असते, म्हणजे छाटणीच्या वेळी ती चटकन दिसते. त्या चांगल्या काडीलाच तशी चिंधी बांधली तर? चोर येईल, चिंधी बघेल, म्हणेल ही तर मेलेली, आणि पुढे जाईल. कल्पना इतकी हुशार होती की आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघून हसत बसलो. ती मुळात कुणाच्या डोक्यातून निघाली हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही लिहिणार नाही. एवढंच सांगतो की ती मामाची नव्हती.

मामीच्या जुन्या साडीचा लाल काठ फाडून मामाने काडीला बांधला. मामी म्हणाली, आवं, टोळीला सांगून ठेवा की. मामा म्हणाला, टोळीला सांगितलं म्हंजे जिल्ह्याला सांगितलं. छाटणीच्या दिवशी मी हितं उभाच ऱ्हाणार हाय.

आणि छाटणीच्या दिवशी तो मला आणायला एसटी स्टँडवर उभा होता. टोळी ऊन चढायच्या आत काम उरकायला सहालाच आली. दर वर्षी पहिल्या ओळीपासून धरतात. त्या दिवशी नवव्या ओळीला मोटारीच्या खोलीची सावली होती, म्हणून तिथून धरली.

एप्रिलच्या खरड छाटणीत प्रत्येक काडी कापतातच. पण बुडाशी एक डोळा ठेवून. त्या डोळ्यातून नवी काडी येते. म्हणजे नेहमीसारखी कापली असती तरी झाडावर त्या काडीचा एक डोळा उरला असता आणि मामाचं नाव वाचलं असतं. पण चिंधी असलेली काडी रोगट. ती डोळा ठेवून कापत नाहीत. तिला करवतीने बुडासकट, ओलांड्याला, म्हणजे तारेवर आडव्या नेलेल्या खोडाला, सपाट करून काढतात. मुकादम बाईने तशी काढली. इतकी स्वच्छ काढली की वर बोट फिरवलं तर कळू नये.

आरडाओरडा चालू असताना मामी घरातून आली. तिच्या हातात काय होतं? लाल काठाची चिंधी. घडी घातलेली.

"मुकादमीनं सकाळीच आणून दिली," मामी म्हणाली. "चांगला काठ हाय, वाया कशाला, म्हणाली."

म्हणजे काडी ओळखायला आता चिंधीही नव्हती. बांधावर कापलेल्या काड्यांचा ढीग पडला होता, दीड पुरुष उंच. फळ नसताना काडी म्हणजे काडी. तपकिरी, गाठीगाठीची, शेजारणीसारखीच दिसणारी. वहीत काय लिहिलंय ते तिच्या सालीवर लिहिलेलं नसतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. आता मास्तर ओळखणार. मी भिंग डोळ्याला लावलं. त्या भिंगातून मला काहीही कळणार नव्हतं, हे त्या बांधावर फक्त मला माहीत होतं. पण बारा माणसं, मामा, मामी आणि बांधापलीकडून शेजारी बघत असताना ते सांगायची सोय नव्हती. मी एकेक काडी उचलायची, भिंग लावायचं, ओठ आवळायचे, आणि म्हणायचं, ही ठेवा. किंवा, ही नको. कशावरून? काही नाही. हाताला आली त्यावरून. दोन तासांनी शेजारी बांधावरून म्हणाला, मास्तर, एखादी वास घेऊनबी बघा. मी दोन-तीन काड्यांचा वासही घेतला.

शेवटी मामाला माझ्या चेहऱ्यावरून कळलं असावं. तो म्हणाला, सगळ्याच लावू.

सगळ्याच लावल्या. निदान नवव्या ओळीच्या हाताला लागल्या तेवढ्या सगळ्या. मामा म्हणतो दोन हजार, मामी म्हणते सातशे, मी मोजल्या नाहीत. रोपांच्या पिशव्या संपल्या तेव्हा बादल्या आल्या. बादल्या संपल्या तेव्हा तुपाचे डबे, शेणाची पाटी, जुना बूट, फौजेतली मामाची पत्र्याची पेटी. न्हाणीच्या वाटेवर डबे, तुळशीभोवती डबे, जिन्यावर डबे. मामी सहा महिने पाय वाकडा टाकत चालायची. गावातल्या लोकांनी ती द्राक्षाची रोपवाटिका म्हणून बघायला यायला सुरुवात केली आणि मामाने कुणाला एक रोपसुद्धा दिलं नाही, कारण त्या सगळ्यांत एक तरी 'ते' असणार होतं.

दीडेकशे रोपं उन्हात गेली. उरलेली मामाने बागेच्या वरच्या तुकड्यात लावली. त्या तुकड्यात त्याने दुसरं काही लावलं नाही. पहिल्या वर्षी नुसती वाढ. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घड सुटले. मामाने फतवा काढला, ह्या तुकड्यात जीएचा एक थेंबही पडायचा नाही. खटला स्वच्छ चालला पाहिजे.

मी दर पंधरा दिवसांनी एसटीने जायचो. मामा सकाळी सुतार वापरतो तसली पट्टी घेऊन झाडाझाडाला जायचा. शेजारीही जायचा, बांधावरून, पट्टीशिवाय. फेब्रुवारीत मणी भरले. एकूण एक झाडाला साधे, गोलसर लांबट, अगदी थॉमसन. मामाने एकाही मण्याला सोडलं नाही. एका झाडाला जरा लांब वाटला, तिथे मला रात्रीची गाडी धरून यायला लावलं. तो मणी मधमाशीने चावलेला निघाला.

'ते' रोप उन्हात गेलेल्या दीडशेत होतं, की ढिगात खाली राहून कुजलं, की मास्तराने ओठ आवळून "ही नको" म्हणून फेकून दिलेल्यांत होतं, की शेजाऱ्याचं खरं होतं आणि ते मुळात नव्हतंच. शास्त्राने सांगायचं तर सांगता येत नाही. हे वाक्य मी मामासमोर उच्चारलं आणि मामाने माझ्याकडे असं बघितलं, जसं त्याने नऊ वर्षांच्या माझ्या हाताकडे बघितलं होतं.

पाटी त्याने शब्द दिल्याप्रमाणे शेजाऱ्याच्या गोठ्याला ठोकली, उलटी करून. आत मामाचं नाव, बाहेर कोरा पत्रा. शेजारी म्हणतो की म्हैस त्या नावाकडे तोंड करून रवंथ करते आणि दूध वाढलंय. म्हैस, मामाचं नाव आणि दूध ह्यांचा संबंध मी तपासलेला नाही.

ह्या वर्षी एप्रिलमध्ये परत टोळी आली. मामाने मागच्या दोन वर्षांत दुसरी टोळी बघायचा प्रयत्न केला होता, पण आता टोळ्या सहज मिळत नाहीत. ऐन हंगामात मुकादमाला फोन लागला तरी शेतकरी पेढे वाटतो. तीच बाई आली. पहिल्या ओळीपासून धरलं. मी सुटीला तिथेच होतो.

दुपारी सगळे मोटारीच्या खोलीच्या सावलीत भाकरीची फडकी सोडून बसले. मामी ताक घेऊन आली. मामा जरा लांब, नवव्या ओळीच्या टोकाला, त्या झाडापाशी उभा होता. ओलांड्यावरच्या त्या सपाट जागेवर आता साल चढली होती. तो तिच्यावरून अंगठा फिरवत होता. मग आला आणि मुकादम बाईच्या समोर, मातीतच बसला. दोन वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी कामापलीकडचं बोलत होता, आणि आवाज असा की शेजारच्या बांधावर काही ऐकू गेलं नसणार.

म्हणाला, बाई, ती काडी तुमी कापली, त्याचं मी कायबी म्हणत न्हाई. चिंधी माझीच व्हती. पण पंधरा-सतरा वर्षं तुमी माझ्या बागंत हाय. एवढ्या वर्षांत तुमच्या नजरेला असलं लांब मण्याचं कवा कायबी पडलं न्हाई? तेवढंच सांगा.

बाईने भाकरीचा तुकडा ताकात बुडवला. खाल्ला. हात पदराला पुसला.

"तीनदा पडलं," ती म्हणाली. "जीएच्या मगात बुडवायच्या आदी, विरळणी करताना. काढून टाकलं."

मामा मातीतच पुढे सरकला. 

"का?"

"तुमीच सांगितलं व्हतं, मालक. सगळं एकसारखं पायजे, येगळं दिसंल ते ठेवायचं न्हाई."